अकरा पानं १८८६ म्हणतात, एक दगड शके १७९० म्हणतो. संगणक कुणाचं ऐकणार?

वाचनालयवाली

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसतं वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

मी एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. कृष्णाकाठचं गाव आहे, एवढं पुरे. २०११ मध्ये निवृत्त झाले. गेल्या महिन्यात भाचा पुण्याहून आला होता. जेवणं झाल्यावर म्हणाला, "आत्या, आता काहीही विचार, हा फोन सांगतो. सगळं इंटरनेट वाचून काढलंय त्यानं." मी म्हटलं, मग आमच्या वाचनालयाची स्थापना कधीची ते विचार. फोन म्हणाला, १८८६.

साफ चूक. वाचनालयाच्या पडवीत, चपला काढतो तिथेच, भिंतीत दगड आहे. त्यावर शके १७९० कोरलंय. त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवले की १८६८. हे गणित मी नोकरीला लागले त्या पहिल्याच आठवड्यात अध्यक्षांनी माझ्याकडून तोंडपाठ करून घेतलं होतं, कारण येणारा प्रत्येक पाहुणा तेच विचारायचा.

भाचा म्हणाला, "आत्या, अकरा ठिकाणी १८८६ आहे. तुझा दगड एकच." आणि खरंच त्यानं अकरा पानं काढून दाखवली. जिल्ह्याची माहिती देणारी, पर्यटनाची, 'आपला तालुका' छापाची, कुणाकुणाचे ब्लॉग. मी चष्मा लावून सगळी वाचली. अकराही पानांवर एकच वाक्य: "सन १८८६ साली काही विद्याप्रेमि मंडळींनी लावलेल्या या रोपट्याचा आज वटवृक्ष झाला आहे." विद्याप्रेमीतला 'मी' ऱ्हस्व, तोही अकरा ठिकाणी ऱ्हस्वच. ते वाक्य मी ओळखलं. आमच्या १९९३ च्या शतकोत्तर रौप्यमहोत्सवी स्मरणिकेतलं आहे. आकडे उलटे पडलेत, ६८ चे ८६. कुणीतरी स्मरणिकेतून टाइप केलं आणि बाकीच्यांनी उचललं.

आता माझा प्रश्न. यंत्र वाचून 'शिकतं' म्हणजे नेमकं काय करतं? आमच्याकडे नवं पुस्तक आलं की आधी दाखलनोंद वहीत चढायचं. क्रमांक, तारीख, विकत घेतलं की भेट आलं, भेट असेल तर कुणाकडून. मग कार्ड. चाळीस वर्षांपूर्वीचं पुस्तक कुठून आलं हे मी पाच मिनिटांत सांगू शकायचे. तसं काही हे यंत्र ठेवतं का? का नुसती डोकी मोजतं?

भाच्याला विचारलं तर म्हणाला, "ते फार टेक्निकल आहे." मी १९८० साली पुस्तकांच्या वर्गवारीची ड्यूईची दशांश पद्धत स्वतःची स्वतः शिकले. टेक्निकलचं भय नाही. नीट सांगणारा पाहिजे.

तिरफळ

काकू, नकाशात आमच्या घरावर गेली सहा वर्षं 'जेन्ट्स पार्लर' लिहून येतंय. तीनदा दुरुस्ती पाठवली. दर रविवारी कोणीतरी दाढी वाढवून बेल दाबतो. आता वडील त्यांना सरळ आत बोलावून चहा देतात. दोघं तर कायमचे येतात.

जाणकारांच्या प्रतीक्षेत.

आंबेमोहोर किल्लेदार

काकू, नमस्कार. माझं इथलं नाव असं का, ते अनेकांनी विचारलं आणि मी टाळत आलो. आज सांगावंच लागणार, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी थेट उत्तर: हो, डोकी मोजतात. पण शहाणी मंडळी नुसती डोकी मोजत नाहीत.

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या गटानं जानेवारी २०१० मध्ये एक प्रोग्राम चालू केला. नाव नेल, म्हणजे नेव्हर एंडिंग लँग्वेज लर्नर. त्यानं रात्रंदिवस इंग्रजी वेबपानं वाचायची, त्यातून माहिती उचलून ठेवायची, आणि काल जे कळलं त्याच्या बळावर आज जरा बरं वाचायचं. हाताशी सुमारे ५० कोटी पानांचा साठा. माणसांनी सुरुवातीला फक्त खाने आखून दिले. शहर, कंपनी, खेळाडू, भाजी असे १२३ प्रकार, आणि 'अमका खेळाडू तमक्या संघात खेळतो' अशा तऱ्हेचे ५५ संबंध. प्रत्येक प्रकारात दहा-पंधरा उदाहरणं बियाणं म्हणून टाकली. पुढचं त्याचं त्यानं बघायचं.

कसं बघतो? समजा तुम्हाला नद्या म्हणून फक्त कृष्णा, कोयना, वारणा एवढीच नावं ठाऊक आहेत. वाचता वाचता दिसतं की ही नावं '___च्या काठी', '___ला पूर आला' अशा जागी बसतात. मग त्याच जागी 'येरळा' बसलेली दिसली, की ती पण नदी असणार. आता येरळेच्या आजूबाजूला बघा: '___चं पात्र कोरडं पडलं'. हा नवा साचा मिळाला. तो घेऊन आणखी नावं शोधा. नावांवरून साचे, साच्यांवरून नावं. हे नेलनं शोधून काढलं असं नाही. मार्टी हर्स्ट यांनी १९९२ मध्येच असे साचे वापरून दाखवले होते, आणि पुढे गूगल काढणाऱ्या दोघांपैकी सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये अवघी पाच पुस्तकं (नाव आणि लेखक) बियाणं म्हणून देऊन वेबवरून पंधरा हजारांवर पुस्तकांची यादी उभी केली. तुम्हाला हे ऐकून बरं वाटेल, किंवा वाईट.

आता यात खोट कुठे आहे ते बघा. नेलकडे 'बेकरीचे पदार्थ' असा एक खाना होता. त्यात त्यानं 'इंटरनेट कुकीज' नेऊन ठेवल्या. कुकी म्हणजे बिस्किट, तेव्हा वरकरणी चूक नाही. पण मग लोक लिहितात 'मी माझ्या कुकीज डिलीट केल्या', तसंच 'मी माझ्या फाइल्स डिलीट केल्या' असंही लिहितात. साचा जुळला. फाइल्ससुद्धा बेकरीत! एक चुकीचा पाहुणा आत आला की तो आपले भाऊबंद घेऊन येतो, आणि यंत्राला कळतच नाही, कारण त्याच्या हिशोबात सगळं नियमानं चाललंय. याला अर्थ घसरणं म्हणा.

ही घसरण मोजलेली आहे. त्यांच्या पहिल्या मोठ्या अहवालात ६७ दिवसांत नेलनं २ लाख ४२ हजारांवर गोष्टी गोळा केल्या, त्यातल्या सुमारे ७४ टक्के बरोबर. पण त्या काळाचे तीन सारखे भाग केले तर पहिल्या भागात ९० टक्के बरोबर होत्या आणि शेवटच्या भागात ५७. जितकं वाचलं तितकं घसरलं. साधारण सहा महिन्यांनी त्या लोकांनी ठरवलं की मधूनमधून माणसानं बसून खाने चाळायचे आणि भलतंसलतं निवडून टाकायचं. तांदूळ निवडतो तसं.

तांदळावरून आमची कथा. २०१३. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, पुणे, चौघांचा गट. आम्ही ठरवलं की नेलचं मराठी पिल्लू करायचं. एकच खाना: महाराष्ट्रातले किल्ले. बारा किल्ल्यांचं बियाणं, आणि ट्रेकर मंडळींच्या ब्लॉगांपासून विकिपीडियापर्यंत मिळतील ती मराठी पानं. वाटलं होतं आठ दिवसांचं काम.

पहिला महिना सामान्यरूपानं खाल्ला. इंग्रजीत नाव आहे तसं राहतं. आपल्याकडे तोरणा कधी 'तोरण्यावर' होतो, कधी 'तोरण्याच्या'. प्रत्यय तोडला की हातात राहतं 'तोरण्या'. आता मूळ शब्द तोरणा, तोरणे की तोरणी? पुण्यात, पुणे. पन्हाळ्यात, पन्हाळा. आमच्या यादीत बरेच दिवस 'पन्हाळे' होता आणि 'पुणा' होता. शिवाय इंग्रजीत विशेषनाम मोठ्या अक्षरानं सुरू होतं, यंत्राला आयती खूण मिळते. देवनागरीत सगळी अक्षरं एकाच उंचीची.

ते कसंबसं निभावलं आणि यंत्र पळायला लागलं. '___च्या पायथ्याशी' या साच्यावर झकास नावं आली. राजमाची आली, रतनगड आला. आम्ही कँटीनमध्ये पार्टी केली. चौथ्या फेरीत यादीत प्रगती आली. पाचवीत डेक्कन क्वीन. मग इंद्रायणी.

कारण सिंहगड! सिंहगड बियाण्यातच होता, आणि पुणे-मुंबई रोज जाऊन-येऊन करणारी मंडळी ब्लॉगवर काय लिहितात? 'सकाळची सिंहगड चुकली.' 'सिंहगडला जागा मिळाली नाही.' यंत्रानं '___ चुकली' हा किल्ल्यांचा साचा म्हणून उचलला आणि मध्य रेल्वेच्या गाड्या गडावर चढवल्या. इथवरही ठीक. पण इंद्रायणी ही गाडी आहे, नदी आहे, आणि तांदूळही आहे. 'इंद्रायणी तांदळाचा भात' असं खूप पानांवर. पुढच्या फेरीत कोलम, आणि त्याच्या पाठोपाठ आंबेमोहोर. परीक्षकांसमोर स्क्रीनवर 'आंबेमोहोर: किल्ला, तालुका मुळशी' असं झळकलं. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी शांतपणे विचारलं, "चढायला किती वेळ लागतो?"

तेव्हापासून मी किल्लेदार.

नेलवाल्यांनी यावर जे उपाय केले होते ते आम्ही नंतर नीट वाचले. आधी वाचायला हवे होते. त्यांनी खान्यांना एकमेकांचे पहारेकरी केलं. शहर असेल ते भाजी असू शकत नाही, हे आधीच सांगून ठेवायचं. म्हणजे भाजीच्या खान्यात शहर घुसायला लागलं की दुसरा खाना ओरडतो. आमच्याकडे खाना एकच, ओरडणार कोण? नदी, रेल्वेगाडी आणि तांदूळ असे तीन खाने शेजारी ठेवले असते तर आंबेमोहोर वाचला असता. दुसरं, एकाच्या शब्दावर विश्वास नाही. एक भाग वाक्यांचे साचे बघायचा, दुसरा वेबपानांवरच्या याद्या आणि तक्ते, तिसरा नुसतं शब्दाचं रूप बघून अंदाज करायचा. अनेकांचं एकमत झालं, किंवा एखाद्याची फारच खात्री असली, तरच ती गोष्ट पक्क्या वहीत.

जाता जाता एक गंमत. सिंहगडचा गोंधळ मराठीतच सुटत होता आणि आम्हाला दिसला नाही. किल्ला 'तो', गाडी 'ती'. 'सिंहगड दिसला' म्हणजे गड, 'सिंहगड दिसली' म्हणजे फलाटावर धावा. क्रियापदाचं लिंग बघितलं असतं तर काम झालं असतं. इंग्रजीच्या पाठीमागे चालताना आपल्या भाषेनं हातात दिलेली खूण आम्ही खिशात घालून विसरलो.

तिरफळ

"चढायला किती वेळ लागतो?" बाईंना दंडवत.

कुकरला तीन शिट्ट्या, असं सांगायचं होतं.

वाचनालयवाली

किल्लेदार, पोट धरून हसले. आणि समजलं. पहिल्यांदाच कुणीतरी मला हे समजेल असं सांगितलं.

खाने एकमेकांवर पहारा करतात, हे पटलं. आमच्या कपाटांतही असंच होतं. शेतीच्या कपाटात स्वयंपाकाचं पुस्तक कुणी खोचलं तर लगेच दिसतं. कादंबऱ्यांत चरित्र घुसलं तर मात्र वर्षानुवर्षं कळत नाही. जवळच्या दोन खान्यांतली चूक लपते.

पण माझा प्रश्न अजून तसाच आहे. १८८६ हे काही तांदूळ नव्हे. सनाच्या जागी सनच बसलाय. कुठला पहारेकरी ओरडणार? आणि कार्डाचं राहिलंच. नेल कार्ड ठेवायचा का?

आंबेमोहोर किल्लेदार

ठेवायचा! त्याची वही वेबवर उघडी होती, मी तासन्‌तास बघत बसायचो. कुठल्याही नोंदीवर गेलं की दिसायचं: कुठल्या भागानं सांगितलं, कितव्या फेरीत, कुठल्या साच्यांवरून, यादीतून घेतलं असेल तर कुठल्या पानावरून, आणि किती खात्रीनं. नुसतं खरं किंवा खोटं न म्हणता तो खात्रीचा आकडा जोडायचा. २०१५ पर्यंत अशा आकडा जोडलेल्या ८ कोटी नोंदी होत्या.

भाच्याच्या फोनमधलं यंत्र मात्र वेगळ्या घराण्याचं. त्याच्यात वहीच नाही. अब्जावधी वाक्यं वाचून पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधायला ते शिकलंय. १८८६ कुठल्या कप्प्यात ठेवलाय असं विचारलं तर कप्पा नाही. असंख्य आकड्यांमध्ये विरघळलंय ते, आमटीतल्या गुळासारखं. चव लागते, खडा काढून दाखवता येत नाही. म्हणून हल्ली अशा यंत्रांना उत्तर देण्याआधी वेबवर शोधायला लावतात आणि पानाचा दुवा दाखवायला लावतात. ते तुमचं कार्ड, पण मागाहून लिहिलेलं. आणि तुमच्या बाबतीत त्या कार्डावर अकरांपैकीच एखादं पान येणार.

सनाबद्दल. तिथे वेगळा पहारेकरी लागतो. यंत्राला सांगून ठेवायचं की संस्थेची स्थापना एकदाच होते, म्हणजे उत्तर एकच असणार. दोन सन दिसले की भांडण आहे हे तरी कळतं. दुसरं म्हणजे हिशोब. स्मरणिका १९९३ ची आणि शतकोत्तर रौप्यमहोत्सवाची, म्हणजे १२५ वर्षं. १९९३ वजा १२५ बरोबर १८६८. नुसतं हे वजा केलं तरी १८८६ उघडं पडतं. नेलमध्ये आपल्याच नोंदींवरून नियम काढणारा एक भाग होता, त्याच्या हाती हे सापडण्यासारखं आहे. अट एकच, स्मरणिकेचं नाव आणि साल वेबवर कुठेतरी हवं. आहे का?

वाचनालयवाली

नाही. त्या अकरा जणांनी फक्त वटवृक्ष घेतला, मुखपृष्ठ घेतलं नाही.

लाल शाई

मी निवृत्त गणित शिक्षक. संगणकातलं कळत नाही, पण अकरा पानांवरच्या ऱ्हस्व 'मि'नं लक्ष वेधून घेतलं.

तीस वर्षं पेपर तपासले. दोन मुलांची सगळी उत्तरं बरोबर आणि सारखी आली, तर मी काहीच बोलायचो नाही. बरोबर उत्तर एकच असतं, ते सारखं येणारच. पण दोघांनी सतराव्या गणितात साताचा वर्ग सत्तेचाळीस लिहिला असेल, तर ते शेजारी बसले होते. चूक करायचे हजार रस्ते आहेत, दोघं त्याच रस्त्यानं गेले म्हणजे एकमेकांचं बघत गेले. मग मी त्या दोन पेपरांना एकच पेपर समजायचो.

तुमची अकरा पानं माझ्या हिशोबी एक पान आहे. पुराव्यासकट. हे यंत्राला शिकवता येत नाही का?

आंबेमोहोर किल्लेदार

सर, तुम्ही जे सांगितलंत त्यावर २००९ मध्ये शिन लूना डाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध आहे. बरोबर हीच कल्पना: दोन स्रोतांमध्ये खरी माहिती सारखी असणं हा नकलेचा फारसा पुरावा नाही, पण चुका सारख्या असतील तर नक्कल असण्याची शक्यता खूप वाढते. मग नक्कल करणाऱ्याचं मत कमी वजनाचं धरायचं. त्यांनी त्याचं गणित मांडलं. तुम्ही लाल शाईनं मांडत होतात.

सगळीकडे हे वापरतात असं मात्र समजू नका. महाग पडतं. आणि मराठी वेबवर तर गावांची, देवळांची, संस्थांची माहिती इतकी एकमेकांची उचललेली आहे की नकला वगळल्या तर बऱ्याच गोष्टींना एकच स्रोत उरेल. तो बरोबर असला तर ठीक, नाहीतर काकूंसारखं.

पंचांगवाले

चर्चा छान. एक शंका. वाचनालयवाली ताई, दगडावर नुसतं 'शके १७९०' आहे की महिना-तिथीही आहे?

वाचनालयवाली

आहे ना. 'शके १७९० माघ शु॥ ५'. वसंत पंचमी. सरस्वतीचा दिवस म्हणून तो मुहूर्त धरला असं जुने लोक सांगायचे. का हो?

पंचांगवाले

मग १८६८ नाही. १८६९.

शकात ७८ मिळवायचे हे अर्धंच गणित आहे. शक चैत्रात, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये बदलतो. इंग्रजी साल जानेवारीत बदलतं. चैत्रापासून साधारण पौषाच्या मध्यापर्यंत ७८, त्यापुढे फाल्गुन संपेपर्यंत ७९. शिवराज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी शके १५९६, मिळवा ७८, आले १६७४. पण शिवजन्म फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, तिथे ७९ मिळवावे लागतात, तेव्हा १६३० येतं. फेब्रुवारीतली तारीख आहे, विसरून चालत नाही.

माघ शुद्ध पंचमी साधारण जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात येते. तेव्हा शके १७९० चा माघ म्हणजे १८६९ चा आरंभ. यात मत-मतांतर नाही.

तिरफळ

म्हणजे अकरा पानं चूक, फोन चूक, आणि काकूसुद्धा चूक. दगड तेवढा बरोबर.

आणि १९९३ चा रौप्यमहोत्सव एक वर्ष आधी उरकला?

लाल शाई

किल्लेदारांचा हिशोबी पहारेकरी पण फसला की. १९९३ वजा १२५ करून त्यानं १८६८ वर शिक्का मारला असता. महोत्सवसुद्धा त्याच अर्ध्या गणितावर ठरवलेला. म्हणजे दोन साक्षीदार नाहीत, इथेही शेजारी बसलेली दोन मुलं!

मी तपासताना पकडलं नसतं हे कबूल करतो.

आंबेमोहोर किल्लेदार

मीही नाही. 'दोन स्वतंत्र पुरावे जुळले' म्हणून मी खूश होऊन बसलो होतो. पुन्हा तांदूळ किल्ल्यात गेला.

वाचनालयवाली

दोन दिवस इथे आले नाही, कारण जरा लागलं. आता सांगते.

पाहुण्यांना एकतीस वर्षं मी १८६८ सांगत आले. अध्यक्षांनी शिकवलं म्हणून. दगड रोज बघत होते, माघही रोज वाचत होते. कधी महिना मोजला नाही. मला सांगणारं माणूस एकच होतं आणि मी त्याचं कार्डसुद्धा केलं नाही, थेट पक्क्या वहीत घेतलं.

आणि दुसरं. ते सुरुवातीला लिहायचं टाळलं होतं. स्मरणिकेचं प्रूफ मी वाचलं होतं. छापखाना बाजारपेठेत, खिळे जुळवणारे. समारंभ तीन दिवसांवर, लाइट गेलेली, कंदिलाशी बसून बत्तीस पानं वाचली. जाहिरातदारांची नावं तीन-तीनदा तपासली, कारण ती चुकली असती तर पैसे आले नसते. तो मजकूर वरवर नजरेखालून घातला. ६८ च्या जागी ८६ माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. विद्याप्रेमितला 'मि'सुद्धा. तेव्हा त्या अकरा पानांचं आणि भाच्याच्या फोनचं मूळ मीच. फोनला काय बोलणार?

काल मुद्दाम वाचनालयात गेले. म्हटलं, दगडाचा फोटो काढावा, कुणाला सांगून वेबवर चढवावा, म्हणजे वाचणाऱ्या यंत्राला एक तरी पान वेगळं मिळेल. फाटकातच नवी कमान दिसली. निळ्या रंगावर पिवळी अक्षरं, 'स्थापना सन १८८६'. सध्याच्या मुलीला विचारलं, हे कुठून घेतलंस? चांगली आहे ती, कामसू आहे. म्हणाली, "मॅडम, नेटवर बघितलं. सगळीकडे तेच होतं, म्हणून खात्री झाली."

दगडापुढे पेपरांच्या रद्दीचे गठ्ठे लावलेत. दोघींनी मिळून हलवले. फोटो काढला, पण माघाच्या 'मा'वर चुन्याचा ओघळ आहे, नीट वाचता येत नाही. ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा काढायचाय.

कमानीच्या रंगाऱ्याचे पैसे मी देते म्हटलं आहे. तो बुधवारी येतोय. त्याला १८६९ सांगू ना? पंचांगवाले, एकदा पुन्हा मोजता का?

पंचांगवाले

मोजलं. १८६९ च. पण कमानीवर आधी दगडावरचंच अक्षरशः उतरवा, माघासकट. इंग्रजी सन त्याखाली बारीक अक्षरात.

तिरफळ

आणि काकू, रंगाऱ्यानं लिहिल्यावर प्रूफ वाचा. दिवसाउजेडी.